ट्रेमधलं मंगळसूत्र

माझा स्वभाव संशयी आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि लाजूनही सांगत नाही. भाजीवाला पिशवीत तळाला काय सरकवतो ते मी बघते. कुलूप लावून खाली उतरले की परत वर जाऊन ओढून पाहते. आमचे हे म्हणतात, "तू पोलिसात जायला हवी होतीस." मी गेले एक्स-रेच्या धंद्यात, पण काम पुष्कळसं तेच निघालं. डोंबिवलीच्या एका तपासणी केंद्रात मी बायकांची मॅमोग्राफी करत असे, म्हणजे स्तनांचे एक्स-रे काढत असे. रिटायर होऊन फार काळ लोटलेला नाही. अजूनही कोणी सुट्टीवर गेलं की मला फोन येतो आणि मी कळव्याहून निघते.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांना सांगते. एक उभा खांब असतो, त्याला खाली एक सपाट पाट आणि वर प्लास्टिकची एक पारदर्शक फळी. बाईने पाटाशी उभं राहायचं, आम्ही स्तन पाटावर नीट पसरायचा आणि वरची फळी खाली आणून दाबायचा. मग श्वास रोखायचा. एकदा वरून, एकदा तिरकं, असं दोन्ही बाजूंना. दुखतं. "दुखत नाही हो" असं मी जन्मात कोणाला सांगितलं नाही, कारण पहिल्याच दाबाला खोटं उघडं पडतं आणि पुढे ती बाई आपल्या एका शब्दावर विश्वास ठेवत नाही. पण जितकं दाबून पसरेल तितकं आतलं स्वच्छ दिसतं. फोटोत चरबी करडी दिसते आणि गाठ पांढरी. पंचाईत अशी की काही बायकांचा आतला गाभाच पांढरा असतो. तिथे गाठ शोधणं म्हणजे दहीभातातला खडा शोधणं. हाताला लागायच्या आधी तो खडा सापडावा, यासाठी सगळा खटाटोप.

त्यामुळे आमच्याकडे संशय हा दुर्गुण नाही. डॉक्टर रिपोर्टात चक्क 'सस्पिशस' असं लिहितात. शेवटी शेवटी एक नवं सॉफ्टवेअर आलं, ते फोटोवर आपोआप गोल काढून दाखवायचं, इथे बघा, तिथे बघा. बाकीच्या पोरी वैतागल्या, सारखे कसले गोल काढतंय म्हणून. मला मात्र ते आवडलं. माझ्याहून संशयी कोणीतरी भेटलं होतं.

आणि येणाऱ्या बायका आमच्यावर संशय घेत ते वेगळंच. "ह्या मशीननेच कॅन्सर होतो म्हणे?" हा प्रश्न तर रोजचा. आंबिवलीहून एक गृहस्थ बायकोला घेऊन आले आणि आत पुरुष नाही ना याची खात्री करायला थेट खोलीत शिरले. पडद्यामागे बघितलं, मशीनच्या मागे बघितलं. मी म्हटलं, "कपाट पण उघडू का?" तर म्हणाले, "उघडा." उघडलं. आत गाऊनच्या घड्या होत्या. कल्याणच्या एक प्राध्यापिका नखशिखांत आवरून आल्या होत्या, आणि त्यांच्या फोटोत बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडला. असे ठिपके कधीकधी रोगाची पहिली खूण असतात, म्हणून डॉक्टर मॅडमच्या कपाळाला आठ्या. मी बाईंना जवळ बोलावलं, वास घेतला आणि ओला नॅपकिन हातात दिला. पावडर! डॉक्टरकडे जायचं म्हणून आंघोळ करून काखेपासून पोटापर्यंत पावडर थापलेली. पुसून परत फोटो काढला, ठिपके गायब. तेव्हापासून दाराशी पावडर लावू नये अशी पाटी आहे, आणि ती वाचून निम्म्या बायकांना वाटतं की आपल्याला घामट म्हणतायत.

पण खरी अडचण पावडरची नसते. ती मंगळसूत्राची असते.

गळ्यात काही चालत नाही. साखळी फोटोत मध्ये येते. "गळ्यातलं काढून ट्रेमध्ये ठेवा," हे वाक्य मी नोकरीभर बोलले, आणि ते ऐकून बाई थबकली नाही असं सहसा झालं नाही. कोणी विचारते, "काढायलाच हवं का?" कोणी ते पाठीवर टाकून बघते. कोणी काढून डोळ्यांना लावते आणि मनगटाला गुंडाळते, म्हणजे अंगावर राहिलं. जीन्स घालून आलेली मुलगीसुद्धा क्षणभर थांबते. फोटो झाला की गाऊनच्या नाड्या नंतर, आधी गळ्यात ते. हे बघायची मला इतकी सवय की पुढे जे घडलं ते बहुधा त्या सवयीमुळेच उलगडलं.

ठाकुर्लीच्या एका मोठ्या सोसायटीत महिला मंडळ आहे. अध्यक्षा साने काकू, कामाला वाघ. आमच्या घरी हळदीकुंकू नसतं, आम्ही बौद्ध, त्यामुळे त्या समारंभाचं मला बाहेरून जेवढं दिसतं तेवढंच ठाऊक. संक्रांतीला सवाष्णी जमतात, हळदीकुंकू लावतात आणि प्रत्येकीला एक वस्तू मिळते, तिला वाण म्हणतात. बहुतेक प्लास्टिकचा डबा, गाळणं, असलं काही. एका वर्षी साने काकूंनी ठरवलं की डबे पुरे झाले, वाण म्हणून मॅमोग्राफीचं कूपन द्यायचं. आमच्या केंद्राने हौसेने छापून दिली. वर तिळगुळाचं चित्र, खाली 'सौ.' आणि पुढे सभासदाचं नाव आणि फोन नंबर. महिनाभरात कधीही या.

मला ती कल्पना आवडली होती. पण एक गोष्ट साने काकू विसरल्या आणि आम्हा कोणालाच सुचली नाही. वाण घरात राहत नाही. एकीला मिळालेला डबा भाचीकडे जातो, गाळणं कामवालीकडे, ती पुढे आणखी कोणाला देते. वाण पुढे सरकवणं यात कोणालाच वावगं वाटत नाही.

एका दुपारी सौ. वैशाली राणे हे नाव घेऊन एक बाई आली. चाळिशी उलटलेली, बोलणं कमी, काठाची साडी. मी म्हटलं, "गळ्यातलं काढून ट्रेमध्ये ठेवा." तिने डोक्यावरून काढलं आणि ट्रेमध्ये ठेवलं, चष्मा ठेवावा तसं. दाबताना डोळे घट्ट मिटले, पण हूं की चूं नाही. झाल्यावर कपडे करून निघाली. मी ट्रे बघितला तर मंगळसूत्र तसंच. लांब सर, वाट्यांच्या शेजारी एक पोवळं, आणि एका वाटीला छोटासा पोचा. मी जिन्यापर्यंत पळत गेले.

"अहो बाई! मंगळसूत्र राहिलं!"

"अगंबाई," ती म्हणाली आणि मुठीत धरून गेली. गळ्यात घातलं नाही.

छत्री विसरतात, पर्स विसरतात, एकीने तर मूल विसरलं होतं. मंगळसूत्र कोणी विसरलेलं मी पाहिलं नव्हतं. मला खटकलं. पण मला दिवसातून दहा गोष्टी खटकतात, त्यातली ही एक, म्हणून मी पुढची बाई आत घेतली.

संध्याकाळी डॉक्टर मॅडमनी बोलावलं. पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावलेले. वैशाली राणे आदल्या वर्षी एकदा आमच्याकडे येऊन गेली होती, तेव्हाचे जुने फोटो डावीकडे, आजचे उजवीकडे.

"हे काय आहे?" मॅडम म्हणाल्या.

जुन्या फोटोत आतला गाभा गच्च पांढरा, आणि एका कोपऱ्यात चुन्याचा एक ढोबळ, निरुपद्रवी दाणा. आजच्या फोटोत सगळं करडं आणि दाणा कुठेच नाही. असा दाणा वर्षभरात विरघळून जात नाही. ही एक बाई नव्हेच. पण मॅडमचं बोट त्यावर नव्हतं. आजच्या फोटोत उजव्या बाजूला खोल एक छोटा पांढरा ठिपका होता, कडेने काटे फुटल्यासारखा. हाताला लागला नसता इतका लहान.

"तुम्ही नावांची अदलाबदल केलीत का?" मॅडमनी विचारलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं जगावर संशय घेतला, आणि आता माझ्यावर? पण त्यांच्या जागी मी असते तर मीही पहिलं तेच विचारलं असतं. आम्ही त्या दिवशीच्या सगळ्या बायकांचे फोटो एकेक करून काढून बघितले. अदलाबदल नव्हती. म्हणजे कोणीतरी बाई वैशाली राणेचं नाव घेऊन आली, आणि आता ती उरात तो काटेरी ठिपका घेऊन कुठेतरी पोळ्या लाटत होती. तो ठिपका आत्ता सापडला होता, आता काढला तर बाई वाचण्यासारखी होती. आणि ती कोण, हे आम्हाला माहीत नव्हतं.

कूपनवरच्या नंबरला फोन लावून फक्त "एक फोटो परत काढायचाय" एवढंच सांगितलं. दोन दिवसांनी वैशाली राणे हजर. साधारण त्याच वयाची, त्याच अंगलटीची. चेहऱ्यावरून मी छातीठोक सांगू शकले नसते, कारण मशीनपाशी बायका मान वळवून उभ्या असतात आणि माझं लक्ष पाटावर.

"त्या दिवशी तुम्हीच आला होतात ना?" मी विचारलं.

"हो, मीच. म्हणजे काय?" फार पटकन म्हणाली.

"गळ्यातलं काढून ट्रेमध्ये ठेवा."

ती थबकली. "काढायलाच हवं? गेल्या वर्षी पण मी नुसतं मागे टाकलं होतं." मग पाठ वळवून काढलं, डोळ्यांना लावलं, मनगटाला गुंडाळायला लागली. आणि मला पोवळं दिसलं. त्याच्या शेजारची पोचा आलेली वाटी दिसली.

चारही फोटो काढले. गच्च पांढरा गाभा, कोपऱ्यात ढोबळ दाणा, बाकी स्वच्छ. मॅडमनी तिला तसं सांगितलं, "तुमचं सगळं छान आहे." हे ऐकून बायका खुर्चीत सैल होतात, काही रडतात, एकीने मला मिठी मारली होती. वैशालीचा चेहरा उतरला.

"मग त्या दिवशीच्या फोटोत काय होतं?" तिने विचारलं.

तिला बाजूच्या खोलीत नेलं. मला राग आला होता, तो लपवायचा प्रयत्न मी केला नाही. "हेच मंगळसूत्र त्या दिवशी माझ्या ट्रेमध्ये होतं," मी म्हटलं. "गळा कोणाचा होता? तिला पुढच्या तपासणीला बोलवायचंय."

ती रडायला लागली. हळूहळू सगळं बाहेर आलं. तिच्या घरी मोठी जाऊ, सुनंदा. दीर जाऊन सहा-सात वर्षं झालेली. सुनंदा घरी ब्लाऊज शिवते. विधवा म्हणून तिला हळदीकुंकवाचं बोलावणं नसतं. वैशाली दर संक्रांतीला वाण घेऊन घरी येते, आणि सासूचा डोळा चुकवून ते जावेच्या खोलीत ठेवते.

"सगळं दोघींत करायचो हो आम्ही. मला डबे मिळायचे आणि त्या आत मशीनवर बसलेल्या असायच्या. मला नाही बघवायचं. ह्या वर्षी कूपन आलं. माझी तपासणी झालेली गेल्या वर्षी. म्हटलं, ताई तुम्ही जा."

"आणि मंगळसूत्र?"

तिने पदराने तोंड झाकलं. "कूपनवर सौ. लिहिलंय ना. ताई म्हणाल्या, मोकळ्या गळ्याने गेले तर हाकलून देतील. मग मीच काढून दिलं. तीन तासांसाठी. तुमचा फोन आला तेव्हा त्यांना वाटलं आपण पकडलो गेलो, म्हणून आज मीच आले." आणि मग अगदी हळू, "मॅडम, माझे मिस्टर टेम्पो चालवतात. त्यांना काही झालं तर सासूबाई मला घरात ठेवणार नाहीत. ताईंनी मला शपथ घातलीय, हे कोणाला कळलं तर त्या परत पायरी चढणार नाहीत तुमची. तुम्ही माझ्याच नावावर करा ना पुढचं सगळं. त्या येतील माझ्या नावाने."

मी नाही म्हटलं. पुढे सुई घालून तुकडा काढायचा, कदाचित ऑपरेशन, औषधं. हे दुसरीच्या नावावर केलं तर दोघींचे कागद कायमचे बिघडले असते, आणि उद्या खरी वैशाली आजारी पडली तर डॉक्टर कोणाचा इतिहास वाचणार? सुनंदाला सुनंदा म्हणूनच यायला हवं होतं.

"मग तुम्ही चला घरी," वैशाली म्हणाली. "माझं नाही ऐकायच्या त्या."

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, जा. संध्याकाळी रिक्षाने ठाकुर्लीला गेलो. वाटेत मी मनात सासूची उलटतपासणी करत होते. असल्या सासवा मी माझ्या खोलीत पुष्कळ पाहिल्यात, सुनेला नीट उत्तरही देऊ देत नाहीत. ही बाई आता अपशकुनाचं काढणार, सुनंदाला बोल लावणार, आणि सुनंदा दार लावून घेणार, हे मी धरूनच चालले होते.

दार सासूनेच उघडलं. वाळकी, ताठ, मालवणकडची. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मी ज्या नजरेने लोकांना बघते त्याच नजरेने.

"तू कोण गो?"

मी तपासणी केंद्रातून आले म्हटलं. आतलं शिलाई मशीन चालायचं थांबलं. सुनंदा खोलीच्या दारात आली, तिने वैशालीकडे बघितलं आणि तिथेच भिंतीला टेकली. तीच. आता चेहरा ओळखला मी.

वैशालीने सगळं भडाभडा सांगून टाकलं. कूपन, नाव, फोटो. मंगळसूत्रापाशी अडखळली, पण तेही सांगितलं. मी सासूच्या चेहऱ्याकडे बघत होते, ती कुठे फुटते ते.

म्हातारी म्हणाली, "डबे खंय जातत ता माका म्हायत नाय काय? इतकी वर्सां तिच्याच फळीर दिसतत. मी काय आंधळी?"

वैशालीने वळून जावेकडे बघितलं.

"मी पण बसलंय तशी," ती पुढे म्हणाली. तिच्याही गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. "माका कोणी एक चमचो पण हाडून दिल्यान नाय." वैशालीकडे वळली. "पण मंगळसूत्र दिलंस ता वायट केलंस. ता मी विसरूचंय नाय." आणि सुनंदाला म्हणाली, "तू चपला घाल."

"आत्ता नको आई, उद्या सकाळी," मी मध्ये पडले.

मी निघताना सुनंदा जिन्यापर्यंत आली. "मॅडम, उद्या नाव काय सांगायचं?"

"तुमचं."

"सौ. लावायचं नाही ना?"

"नुसतं सुनंदा राणे."

त्या रात्री घरी आल्यावर मी ह्यांच्याशी उगाच भांडले. ती म्हातारी कोणत्या घरची, कोणत्या वळणाची हे मी दारावरची बेल वाजायच्या आधीच ठरवून टाकलं होतं, त्याचा तो राग होता. संशय बहुतेक वेळा कामाला येतो. माणूस मात्र मधूनच आपला अंदाज मोडून समोर उभं राहतं, आणि मग आपल्याला कुठे बघावं कळत नाही.

तुकड्याचा रिपोर्ट वाईट आला, पण लवकरचा. गाठ काढली, बाकीचा स्तन राहिला. मग किरणांचे उपचार झाले. वैशाली दरवेळी बरोबर जायची. साने काकूंना हे कसं कळलं ते मला माहीत नाही, मी तरी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी कूपनं छापायला आली तेव्हा त्यावर 'सौ.' नव्हतं, आणि आम्ही आधार कार्ड बघायला सुरुवात केली होती.

वर्षाने सुनंदा तपासणीला आली तेव्हा मी रिटायर झाले होते, पण सुट्टीवरच्या एकीच्या जागी आले होते. बाहेर बाकावर वैशाली, आणि तिच्या शेजारी म्हातारी, पर्स पोटाशी धरून, रिसेप्शनवरच्या मुलीवर नजर ठेवून. मी सुनंदाचं आधार कार्ड घेतलं आणि फोटो चेहऱ्याशी पडताळून बघितला. ती हसली. "मीच आहे हो." मग सवयीने माझ्या तोंडून गेलं, "गळ्यातलं काढून ट्रेमध्ये ठेवा."

तिने गळ्याला हात लावला. "काही नाही घातलेलं," ती म्हणाली. "यंदा नाव माझं आहे ना."

मी फोटो काढले. उजवीकडे ऑपरेशनची जागा ओढलेली होती, तिथे जपून दाबलं. तिने याही वेळी हूं की चूं केलं नाही.

डॉक्टर मॅडमनी आदल्या वर्षीचे आणि आजचे फोटो शेजारी लावले. खूप वेळ बघितलं. सॉफ्टवेअरने एकही गोल काढला नव्हता. "तीच आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि काही नाहीये."

"परत एकदा बघा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा पुसला आणि परत बघितलं. तीच होती. काही नव्हतं. मी बाहेर गेले. सुनंदाही कपडे करून बाकावर येऊन बसली होती, तिघींना सांगितलं. म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "नक्की?"